काळ, ढवळी आणि चवदार

१५ मार्च २०२५, शनिवार. महाड

पनवेलहून सुटलेल्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. होळी परवा झाली, धुळवड काल. तरी पालख्या अजून घरोघर फिरायच्या आहेत, त्यामुळे चाकरमानी गावाकडेच निघालेले. शेजारच्या काकूंच्या मांडीवर पिशवीत देवीच्या ओटीचं सामान होतं, खण-नारळ आणि तांदूळ. माणगाव येईपर्यंत त्यांनी ती पिशवी एकदाही खाली ठेवली नाही.

दादाकडे पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनीने वालाचं बिरडं केलेलं. जेवताना भाच्याने विचारलं, "आत्या, तळी बघायला एवढी रानात कशाला जायचं? चवदार तळं तर चार गल्ल्यांवर आहे." त्याला म्हटलं, तिथे गुरुवारी जाऊच. त्याआधी मला नदीतली तळी बघायची आहेत, पाऊस सरल्यावर उरतात ती.

आमच्याकडे त्यांना कोंड म्हणतात, डोह म्हणतात. इथल्या नद्या आषाढात घरात शिरतात आणि फाल्गुनात दिसेनाशा होतात. मागे उरते गोट्यांची पांढरी वाट. त्या वाटेवर मध्येच कुठेतरी, झाडीच्या आत, काळंशार खोल पाणी थांबलेलं असतं. आबा म्हणायचे, नदी बघायची तर शिमग्यात बघ, तेव्हा तिची हाडं दिसतात. आबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याबरोबर जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

बेत ठरला तो असा. उद्या काळ नदीच्या खोऱ्यात वाळणकोंड. मग पोलादपूरकडून ढवळी नदीचं खोरं धरून ढवळे घाटाने वर महाबळेश्वरला. काळ आणि ढवळी, बैलजोडीला शोभावीत अशी नावं. एक लिंगाणा आणि रायगड यांच्या मधल्या दरीतून उतरते, दुसरी महाबळेश्वरच्या पठाराच्या पायथ्याहून. दोघी शेवटी सावित्रीलाच मिळतात. भाचा बरोबर येणार. कॉलेजला सुट्टी नाही, पण त्याने ती काढली आहे.

१६ मार्च, रविवार. वाळण

सकाळी बिरवाडीपर्यंत एसटी, पुढे थोडं मिनीडोरने आणि मग चालत. मिनीडोरवाला म्हणाला, कोंडापर्यंत सोडतो, पण मला नदीच्या काठाने जायचं होतं. एमआयडीसीच्या चिमण्या मागे पडल्या आणि रस्त्यालगतची झाडी दाट होऊ लागली. ऐन, किंजळ, मध्येच मोहोर गळून बाळकैऱ्या धरलेला रायवळ आंबा. उक्षीला बहर आलाय, हिरवट फुलांचे घोस फांदीच्या टोकापर्यंत. पळस जवळजवळ संपला. पायाखाली त्याच्या फुलांचा वाळून तपकिरी झालेला सडा होता.

बिरवाडीहूनच एक रस्ता वरंध घाटाकडे जातो. त्या अंगाला तळीये आहे. २२ जुलै २०२१ ला तिथली वाडी डोंगराखाली गेली, ८०हून अधिक माणसं गेली. भाचा तेव्हा शाळेत होता. त्यांच्या घरात त्याच रात्री कंबरभर पाणी होतं. तो चालता चालता एवढंच म्हणाला, "त्या पावसात आणि ह्या नदीत काय संबंध आहे, असं वाटतं ना?" समोर काळ नदी म्हणजे नुसते गोटे होते. दोन गोट्यांच्या मधून बोटभर धार चाललेली. आम्ही पात्रातूनच चालत राहिलो.

वाळणकोंड आधी ऐकू येतो. पाण्याचा आवाज नव्हे, माणसांचा. रविवार होता, वर शिमगा, म्हणून नवस फेडायला माणसं आली होती. कातळाच्या कडा दोन्ही बाजूंनी जवळ आल्यात आणि त्यांच्या मध्ये पाणी आहे, हिरवं नाही, निळं नाही, जुन्या काचेच्या बाटलीच्या तळासारखं. वरून झुलता पूल. पुलावर मधोमध थांबले तर पाय आपोआप पाण्याच्या तालावर हलायला लागले. काठावर वरदायिनी देवी. कोंड तिचा आणि कोंडातले मासेही तिचे.

खाली उतरले. एका कुटुंबाने कुरमुऱ्यांची पिशवी आणली होती. पहिली मूठ टाकली तेव्हा काहीच झालं नाही, कुरमुरे पाण्यावर तरंगत राहिले. मग खालून एक सावली वर आली, तिच्यामागे दुसरी, आणि पाण्याचा सगळा तळच वर येतोय असं वाटलं. महाशीर. काही हातभर, काही त्याहून लांब. पाठ काळपट हिरवी, कुशीवर खवले सोनेरी, एकेक खवला रुपयाच्या नाण्याएवढा. तोंडाच्या कडेला चार आखूड मिशा. ओठ जाड, पुढे काढता येणारे. कुरमुरा ओढून घेताना ते ओठ नळीसारखे बाहेर येतात आणि चट् असा आवाज होतो. शंभर तोंडांचा तो आवाज एकत्र ऐकला की पाण्यावर टपोऱ्या थेंबांचा पाऊस पडतोय असं वाटतं. एक मासा माझ्या पायापासून वीतभर अंतरावर आला. त्याच्या डोळ्याभोवती पिवळी कडा होती. हात लावता आला असता. लावला नाही.

इथे कुणी गळ टाकत नाही. टाकला तर देवी कोपते, मासा खाल्ला तर रक्त पडतं, असं म्हणतात. देवळाशी बसलेल्या एका आजींनी मला ओळखीच्या पोरीसारखं जवळ बसवून घेतलं आणि भांड्यांची गोष्ट सांगितली. पूर्वी कुणाच्या घरी लग्न निघालं की आदल्या दिवशी कोंडावर यायचं, देवीला सांगायचं, सकाळी काठावर हवी तेवढी भांडी मांडलेली असायची. कार्य उरकलं की घासून परत ठेवायची. "मंग येकानं पळी ठेवून घेतली घरात," आजी म्हणाल्या. "तवापासनं भांडी बंद." ही गोष्ट सह्याद्रीतल्या कितीतरी डोहांची ऐकली आहे. पण आजींनी ती सांगताना पळी ठेवून घेणाऱ्याचं घर कुठे होतं ते हाताने दाखवलं. त्या घराच्या जागी आता काजूची बाग आहे.

मला ह्या भीतीचं मोल फार वाटतं. कोकणातल्या नद्यांत ब्लीचिंग पावडर टाकून, जिलेटिनच्या कांड्या फोडून मासे मारले जातात. त्यात पिलं मरतात, अंडी मरतात, डोह वर्षभर मुका होतो. महाशीरला वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात तो वर चढतो, गोटाड पात्रात अंडी घालतो आणि उन्हाळाभर खोल डोहात दिवस काढतो. डोह गेला तर मासा गेला. लोणावळ्याला वलवणच्या तळ्यावर टाटांनी महाशीरचं बीज तयार करायला घेतलं त्याला अर्धशतक होत आलं. तिथली पिलं देशभरातल्या पाण्यांत सोडली गेली. तिथे शास्त्र आहे, टाक्या आहेत, माणसं पगारावर आहेत. वाळणला फक्त देवी आहे आणि कुरमुरे आहेत, आणि मासे आहेत. पिढ्यानपिढ्या पाहणारा दुसरा कुणी नसताना हात आखडणं, हे मला नवसापेक्षा मोठं वाटतं.

हद्द मात्र कुठे आखलेली नाही. कोंडाच्या खाली हाकेच्या अंतरावर दोन पोरं जाळं लावून बसली होती. त्यांना विचारलं, इथे चालतं? "इथं चालतं. त्या धोंड्याच्या वर न्हाय." कुठल्या धोंड्याच्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना पक्कं ठाऊक होतं. माशांना ठाऊक असावं.

दुपारी पुलाच्या सावलीत भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. भाच्याने हळूच विचारलं, "आपण मासे खातोय ते देवीला चालेल?" वाळलेली समुद्रातली सुकट. मी म्हटलं चालेल. तरी त्याने उरलेली चटणी झाकून ठेवली.

मुक्काम गावातच, दादाच्या ओळखीच्या घरी.

१७ मार्च, सोमवार. वाळण ते पाने, परत महाड

आज तिथीप्रमाणे शिवजयंती. पहाटे साडेपाचला आरडाओरडा ऐकून बाहेर आले तर रायगडावरून शिवज्योत घेऊन पोरं धावत चालली होती. अनवाणी. एकाच्या खांद्यावर पलिता, बाकीचे मागून, सगळ्यांत शेवटी मोटारसायकलवर तेलाचा कॅन.

काळ नदीच्या कडेने वर पान्यापर्यंत गेलो. दरी अरुंद होत जाते. डावीकडे रायगड. नेहमी पाचाडकडून पाहिलेला, त्यामुळे ह्या बाजूने ओळखूच येईना, नुसता ताशीव कडा. उजवीकडे लिंगाणा, सुळक्यासारखा. पान्याहून लिंगाण्याच्या कुशीतून बोराट्याची नाळ देशावर मोहरीला चढते, अलीकडे दापोलीवरून सिंगापूरची नाळ. पूर्वी ह्या वाटांनी मीठ आणि मासळी वर जायची, धान्य खाली यायचं. आता पाठीवर सॅक घेतलेले मुंबई-पुण्याचे लोक जातात.

रायगडावर गंगासागर आहे. गडाच्या बांधकामाला लागणारा दगड काढता काढता तो तलाव झाला, आणि ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला आणलेलं नद्यांचं पाणी त्यात सोडलं, म्हणून ते नाव. ते तळं डोक्यावर आहे आणि खाली आमच्या समोर नदीच्या वाळूत तीन बायका वाटीने पाणी भरत बसल्या होत्या. खळगा उकरलेला, त्यात झिरपतं. एक वाटी भरायला मी आकडे मोजले, चौदा. हंड्यात किती वाट्या बसतात ते विचारायचा धीर झाला नाही. त्यांतली धाकटी म्हणाली, "अजून बरं हाय. येप्रिलात टँकरची वाट बघायची." जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो तिथे दरसाल उन्हाळ्यात वाड्यांना टँकर लागतो. काळा कातळ पाणी धरत नाही, उतार थांबू देत नाही, आणि वरची झाडी तुटली की उरलंसुरलंही चार दिवसांत समुद्राला मिळतं. आम्ही भूगोलात हे शिकलो. वाटी मात्र पुस्तकात नव्हती.

आमच्या पाठीवर चार बाटल्या होत्या. दोन त्यांच्या हंड्यात ओतल्या. त्या हसल्या, नको म्हणाल्या, पण ओतल्या.

१८ मार्च, मंगळवार. ढवळे

महाडहून पोलादपूरची गाडी. सावित्रीच्या पुलावर आली तेव्हा बसमधलं बोलणं क्षणभर थांबलं की मलाच तसं वाटलं? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या, आतल्या माणसांसकट. नवा पूल वर्षाच्या आत झाला. आज खाली सावित्री इतकी निमूट होती की तिच्यावर रागावताही येईना. भाचा म्हणाला, महाडजवळच्या डोहांत मगरी उन्हाला पडलेल्या दिसतात. आम्हाला नाही दिसल्या.

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे, शिवभारत लिहिणाऱ्या. दहा मिनिटं थांबून उमरठकडे निघालो. उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर ते पडले आणि त्यांचा देह ज्या घाटाने खाली आणला तो मढे घाट, असं आजही सांगतात. समाधीपाशी शाळेतली मुलं कुंपणावर बसून आवळे खात होती.

ढवळे रस्त्याच्या शेवटाला. पुढे रान, आणि रानाच्या पुढे महाबळेश्वरचा कडा भिंतीसारखा. गावात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. ज्यांच्याकडे उतरलो ते मामा उद्या वाट दाखवायला येणार आहेत. वय साठीच्या पुढे, पोटऱ्या लाकडासारख्या.

रात्री पालखी आली. आधी लांबून खालूबाजा, मग कंदिलाचा उजेड झाडांतून हलत हलत. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली. पालखी नाचवताना खांदेकऱ्यांच्या मानेवरच्या शिरा ताठ झालेल्या दिसत होत्या. मामींनी ओटी भरली. देवी बसली तेवढा वेळ घरातलं कुणी बसलं नाही.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर मामांच्या आई, नव्वदीच्या असतील, ओटीवर येऊन बसल्या. मी ढवळी नदीच्या डोहांबद्दल विचारत होते. कोणता किती खोल, कोणता आटत नाही. त्यांनी सगळं सांगितलं आणि मग म्हणाल्या, "वरचा डोह आमचा. खालचा त्यांचा. मधल्यात गुरं." त्यांचा म्हणजे कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. "आता तसं न्हाय," त्या म्हणाल्या, "आता नळ हाय." आमच्या आजीच्या तोंडी असंच होतं, वरचा पाणवठा आणि खालचा पाणवठा. लहानपणी मला वाटायचं, हा उताराचा प्रश्न आहे. पाणी वरून खाली येतं म्हणून वरचे आणि खालचे. आज कंदिलाच्या उजेडात बसून मनात आलं, गुरांना मधला डोह होता. माणसांना गुरांच्या खाली.

झोप उशिरा लागली. चंद्र डोंगरामागून फार उशिरा वर आला.

१९ मार्च, बुधवार. ढवळे घाट

रंगपंचमी, पण मामांनी रंग आणू दिला नाही. कड्याला आग्या मोहोळं आहेत. अत्तर नको, धूर नको, मोठ्याने बोलणं नको.

सहाला निघालो. पहिला तास ढवळीच्या काठाने. नदी नव्हतीच, तिची झाडं होती. जांभूळ, उंबर, करंज, आणि त्यांच्या सावलीत कोरडा ओढा वळत जाणारा. एका वळणावर मामा थांबले आणि हाताने खूण केली. झाडीच्या आत डोह. दहा पावलांएवढा, पलीकडे कातळ ओला. वरच्या फांदीवरून एक खंड्या सूर मारून गेला आणि पाणी पुन्हा तसंच. काठच्या चिखलात खुरं उमटलेली होती, भेकराची असावीत, मामा म्हणाले, पहाटेचीच. आम्ही तिथे पाणी भरलं नाही. "हे त्येंचं," मामा म्हणाले. प्राण्यांचं. आपलं पुढे आहे.

मग चढ. डावीकडे चंद्रगड, जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा हे सगळं रान त्यांच्याकडे आलं. म्हसोबाच्या खिंडीत पोचेस्तोवर साडेआठ झाले होते आणि माझी दीड लिटरची बाटली संपली होती. दुसरी पिशवीत नव्हती. न्याहारीला बसलो त्या कातळावर ती विसरले. चूक सर्वस्वी माझी. चंद्रगड सोडून द्यावा लागला. माझा चेहरा बघून भाच्याने काही न बोलता त्याची बाटली पुढे केली. मामांजवळ लिटरभरचं पितळी भांडं होतं, कापडाने तोंड बांधलेलं. त्यातलं त्यांनी सकाळपासून एक घोटही घेतला नव्हता.

गाढवाच्या माळापुढे वाट अवघड होत जाते. कारवीचं रान, वाळलेल्या काठ्या दोन्ही बाजूंनी खांद्याला खरचटणाऱ्या. अंजनी फुललेली, निळ्या फुलांनी फांद्याच दिसत नव्हत्या, आणि तिच्याभोवती माश्यांची गुणगुण. वर झाडांच्या शेंड्यात शेकरू करकरत होतं. मी त्याच्याकडे बघायला मान वर करायची आणि मामा म्हणायचे, "पायाकडं, बाय, पायाकडं." घसरड्या मुरमावर दोनदा बसले. तहान लागली की आवाज आधी जातो, हे मला ठाऊक नव्हतं. अकराच्या सुमारास मी काहीतरी विचारलं आणि ते मलाच ऐकू आलं नाही.

बहिरीची घुमटी साडेअकराला लागली. शेंदूर लावलेले दगड, घंटा, एक त्रिशूळ. मामांनी आधी तिथे नारळ ठेवला, मग पाण्याकडे नेलं.

कातळात खोदलेलं टाकं. तोंड लहान, आत अंधार. तिथेच माझं तळं होतं, एवढ्या चालीनंतरचं. वाकून पाहिलं तर आधी माझं डोकं दिसलं आणि त्याच्यामागे आभाळ. हात घालणार तेवढ्यात मामांनी मनगट धरलं. टाक्यात हात घालायचा नाही, पाय तर नाहीच. बाजूला कपारीत तेलाचा एक रिकामा डबा उलटा ठेवलेला होता, कानाला तार बांधलेला. तो मामांनी धुतला, अलगद सोडला, वरची पानं बाजूला सारायला पाण्यावर फुंकर घातली आणि मग बुडवला. बाटलीत ओतताना सांडू नये म्हणून एका रुंद पानाचा द्रोण वळून त्याच्या टोकाला नखाने भोक पाडलं. झाली नळी. कापडावर दोन बेडूकमासे अडकले. ते त्यांनी बोटावर घेऊन परत टाक्यात सोडले. मग डबा पुसला आणि होता तसा उलटा कपारीत ठेवला.

मी विचारलं, डबा कुणाचा?

"हितला."

कुणी आणून ठेवला?

"फुटला तर म्या आनतो. न्हाय तर दुसरं कोन."

पाणी इतकं गार होतं की कपाळ दुखलं. दगडाची, किंचित शेवाळाची चव. तीन बाटल्या भरल्या. मामांनी आपलं पितळी भांडं आता कुठे रिकामं केलं, आधी थोडं बहिरीच्या दगडांवर, मग स्वतः प्यायले.

शेवटचा कातळटप्पा भाच्याने माझा हात धरून पार करवला. अडीचच्या सुमारास आर्थरसीटच्या कठड्याशी आलो तेव्हा पर्यटक कणीस खात उभे होते. ह्या जागेचं जुनं नाव मढीमहाल. इथल्या दोन्ही अंगांना दोन देश आहेत. एकीकडे खोल, गच्च, धुरकट कोकण, सावित्रीची दरी. दुसरीकडे उथळ, पिवळट देश. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री अशा पाचही नद्या एकाच गोमुखातून पडतात. कृष्णा आंध्रातून पूर्वेच्या समुद्राला जाते, सावित्री कडा उतरून महाडवरून बाणकोटला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातलं कुठलं पाणी कुठल्या समुद्राला जाणार ते कड्याच्या काठावर वीतभर इकडेतिकडे ठरतं.

मामा लगेच परत फिरले. उजेड आहे तोवर खिंड गाठायची होती. पैसे घेतले, पण मोजले नाहीत.

२० मार्च, गुरुवार. महाड

महाबळेश्वरहून सकाळची एसटी, आंबेनळी घाटाने. काल जे चढायला आठ तास लागले ते गाडी दोन तासांत उतरली.

महाडला उतरलो तर रस्त्यात निळे झेंडे. परभणी, नांदेड, नागपूर, मुंबई, कुठून कुठून गाड्या आलेल्या. भाचा मला गर्दीतून तळ्याकडे घेऊन गेला. लहानपणापासून तो ह्या दिवशी इथे येतो, मित्रांबरोबर पाणी वाटायला. मी महाडची लेक असून आज पहिल्यांदा आले.

रावबहादूर बोल्यांचा ठराव १९२३ सालचा. सरकारी पैशांतून झालेल्या आणि सरकारने चालवलेल्या पाणवठ्यांवर सगळ्यांना मुभा. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर परिषदेतून हजारो माणसांना घेऊन चालत इथे आले आणि तळ्याचं पाणी प्यायले. तहान लागली होती म्हणून नव्हे. त्यानंतर गावात मारहाण झाली आणि तळं "शुद्ध" करायला शेणामुताच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. ज्या पाण्याला गुरांनी तोंड लावलेलं चालत होतं त्या पाण्यात. डिसेंबरात दुसरी परिषद झाली. तिच्या आधीच कोर्टाचा मनाईहुकूम आला, म्हणून त्या माणसांनी तळ्याचं पाणी पुन्हा घेतलं नाही, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी. यंदाच्या १७ मार्चला मी काळ नदीच्या वाळूत वाट्या मोजत उभी होते.

रविवारी वाळणला मी जे डोळे भरून पाहिलं ते खोटं नव्हतं. ते मासे जगले ते माणसांनी हात आखडला म्हणून. पण त्याच तालुक्यात, त्याच शतकात, माणसाने हात पुढे केला तर डोकं फुटत होतं. पाण्यातल्या जिवाला राखणारी देवी होती, काठावरच्या जिवाला नव्हती. दोन्ही गोष्टी माझ्या गावच्या. दोन्ही मी आजपासून बरोबर सांगणार आहे, एक गोड म्हणून आणि दुसरी जुनी म्हणून वेगळ्या ठेवणार नाही.

पायऱ्यांवर गर्दी सरकत होती. माझ्या पुढे एक आजी, नऊवारी, हातात नातवाचा हात. नातवाने वाकून बाटली भरली आणि सरळ होताना झाकण पाण्यात पडलं. निळं झाकण दोन हात तरंगत गेलं आणि लोकांच्या पायांच्या सावलीत दिसेनासं झालं. पोरगा रडवेला झाला. परभणीपर्यंत हे पाणी न्यायचं होतं, घरी पणजी आहे, आजी सांगत होत्या, तिला चालवत नाही.

माझ्या पिशवीत बहिरीची एक बाटली उरली होती. तिचं झाकण काढून त्याच्या बाटलीला लावून पाहिलं. बसलं, घट्ट.

आता माझी बाटली उघडी. गर्दीतून बाहेर आलो, कठड्याशी टेकलो. मी दोन घोट घेतले, भाच्याने घेतले, आजींपुढे धरली. त्यांनी बाटली उंच धरून, ओठ न लावता, गट गट पाणी प्यायलं, उरलेलं नातवाला दिलं.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "कुठलं म्हनायचं?"

मी पूर्वेकडे हात केला. उन्हाच्या धुरकटपणात तिकडचे डोंगर आज दिसत नव्हते.